सोळा गाठींचा दोरा

मी एक जुना पृथ्वीगोल आहे. जिन्यावरच्या एका तिकीट ऑफिसात, कपाटाच्या माथ्यावर, सरलेल्या वर्षांच्या कॅलेंडरांशेजारी माझा मुक्काम आहे. मी तिरका उभा असतो, पण तो माझा जन्मजात बाक आहे. त्यासाठी मला नावे ठेवू नका. नावे ठेवायला दुसरे कारण आहे.

मित्रांनो, कारखान्यातून मी थेट तिकीटवाल्यांच्या टेबलावर आलो. खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाईंनी त्यांना एक लाल दोरा दिला होता. तिकीटवाल्यांनी त्याला मोजून गाठी मारल्या. एक गाठ म्हणजे विमानाचा एक तास. गिऱ्हाईक आले की ते दोरा या विमानतळापासून त्या विमानतळापर्यंत माझ्या अंगावर ताणत, गाठी मोजत आणि म्हणत, "बघा, जग वीतभर आहे." लोक खूश होत आणि मीही फुगत असे. पुढे कॉम्प्युटर आला, खरे वेळापत्रक त्यात दिसू लागले, तरी त्यांची ही हौस सुटली नाही.

बाईंची एकुलती एक लेक इथूनच तिकीट काढून परदेशी गेली. तेव्हा सोळा गाठी भरल्या होत्या.

एके दिवशी भरदुपारी बाई जिना चढून आल्या. मोजपट्टी गळ्यात तशीच होती.

"ह्यांचं काही खरं नाही म्हणतात डॉक्टर. लेकीला फोन केला, मिळेल त्या विमानानं निघतेय ती. किती तास लागतील हो, भाऊ?"

तिकीटवाले फोनवर दुसऱ्याशी बोलत होते. कॉम्प्युटर समोरच होता. त्यांनी फोन खांद्यात धरला, दोरा माझ्यावर टेकवला आणि म्हणाले, "सोळा, ताई."

बाई धावत खाली गेल्या.

दोरा माझ्यावर सरळ बसतो. माझ्यावर तपासणीची रांग नाही, विमान बदलण्यासाठी नऊ तास बसायचा बाक नाही, विमानतळापासून घरापर्यंतचा रस्ता नाही. हे सगळे धरून लेकीला एकतीस तास लागले. तिचे वडील विसाव्या तासाला गेले.

दहा-बारा दिवसांनी बाई पुन्हा आल्या. तिकीटवाले उठून उभे राहिले.

"मी ह्यांना सोळा तास सांगितले," बाई शांतपणे म्हणाल्या. "घड्याळाकडे बघत त्यांनी सोळा तास तग धरला. मग विचारलं, 'आली का?' मी नाही म्हणाले. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. तुम्ही एकतीस सांगितले असते, तर एकतीस तास तग धरला असता."

"ताई, विमानाचे तास सोळाच होते."

"मी विमानाचे विचारले नव्हते. माझा दोरा द्या."

त्यांनी दोरा दिला. संध्याकाळी मला कपाटावर टाकले. चूक त्यांची, आणि वनवास मला. तरी मी निर्दोष नाही. वीतभर जग म्हणून मिरवलो मीच.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा किंवा पुसू नका. पण कुणी धापा टाकत येऊन "किती तास?" असे विचारले, तर वाटेतल्या बाकावरचे तासही मोजून सांगा. घरी कुणीतरी तेवढाच श्वास राखून ठेवलेला असतो.