कटाळा

मगदुमांच्या घरात जेवणं दिवस मावळायच्या आत उरकायची. जैनाचं घर, दीस बुडाला की तोंडात पाण्याचा थेंब नाही. पण दिवाळीपासून संध्याकाळचं ताट पुढं आलं की आक्काताई चार घास कसेबसे चावायच्या आणि ताट सरकवायच्या.

"नको गं. कटाळा आला."

सून आदिती हाताला चव असलेली. तिनं भाकरी पातळ थापली, आमटी बदलली, दोडक्यात शेंगदाण्याचा कूट वाढवला. ताट परत आलं ते आलंच. सकाळी म्हैस धुणारी, अंगण झाडणारी धडधाकट बाई संध्याकाळी घास चावून दमते, हे कोण खरं मानणार? शेजारच्या धोंडुबाईंनी तर निदानच करून टाकलं, "सुनंच्या हातचं ग्वाड लागंना म्हातारीला!"

गावाला तेवढं पुरलं. आदिती चुलीपुढं गुपचूप डोळे पुसायची. आक्काताईंना ती दिसायची, तीही एक नव्हे, दोन. पण हे सांगितलं तर पोर धास्तावेल म्हणून त्या गप्प राहायच्या. वाळून मात्र पार काटकी झाल्या होत्या.

हातकणंगल्याहून डबा बांधून, पहिली एसटी धरून दोघी कोल्हापूरच्या दवाखान्यात यायच्या. सकाळच्या गार हवेत आक्काताई ताज्यातवान्या. डॉक्टर तपासायचे, सगळं ठीक म्हणायचे आणि टॉनिक लिहून द्यायचे. या खेपेला खुर्चीत नव्या बाई होत्या, नागपूरच्या डॉक्टर प्रीती.

"जेवायचा कंटाळा येतो का, मावशी? मन कशात रमत नाही? भजनाला जात जा. टीव्ही बघा."

आक्काताईंचं डोकंच फिरलं. "मन रमतंय की वो! दातं रमंनात. भजनानं दातं चालत्यात व्हय?"

आदितीनं ओशाळून पदर तोंडाला लावला. डॉक्टर मात्र हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि खुर्ची पुढं ओढली.

"माझं चुकलं. मला सांगा, तुमच्याकडं कटाळा म्हणजे काय?"

दवाखान्यात आजवर कुणी असं विचारलं नव्हतं. आक्काताई क्षणभर बावचळल्याच. "लई चाललं की पाय भरून येत्यात न्हवं? तसा जबडा भरून येतोय. सकाळी काय न्हाय. दीस कलला की सुरू."

"आणि आम्ही तुम्हाला रोज सकाळीच बघतो," डॉक्टर स्वतःशीच पुटपुटल्या. मग म्हणाल्या, "आज घरी जाऊ नका. संध्याकाळी डबा माझ्यासमोर सोडा."

दुपारभर दोघी आवारातल्या झाडाखाली बसून राहिल्या. उन्हं कलल्यावर आक्काताई डॉक्टरांपुढं दोडक्याबरोबर भाकरी मोडून बसल्या. दोन-चार घास नीट गेले, मग जबडा जागीच थांबला. त्यांनी हनुवटीखाली तळहात लावला आणि हातानं जबडा ढकलत चावू लागल्या. डावी पापणी हळूहळू मिटत आली. घरी हे सगळं त्या भिंतीकडं तोंड करून करायच्या. आज पाठ फिरवायला जागाच नव्हती.

आदिती बघतच राहिली. "आत्ती! आणि मला वाटत हुतं, माझंच जेवण..."

आक्काताईंची जीभही जड झाली होती. त्यांनी नुसतीच मान हलवली.

"बास, आता घास नको. ठसका लागेल," म्हणत डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि शेजारीच बसून राहिल्या. दुर्मिळ आजार आहे, त्यांनी सांगितलं. अंगातले रोगाशी लढणारे राखणदारच उलटतात आणि मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत पोचू देत नाहीत. गोळ्या बरेच दिवस घ्याव्या लागतील, आणि तपासणीला इथून पुढं संध्याकाळीच यायचं. "यात तुमच्या मनाचा दोष नाही, मावशी. सुनेच्या हाताचाही नाही."

थोड्या वेळानं पापणी उचलली. आक्काताईंनी मान वळवली तर आदिती एकच दिसली, रडून लाल झालेली.

"रडतीस कशाला गं?" शब्द खणखणीत आले. स्वतःचाच आवाज ऐकून त्या दचकल्या.

आदितीनं लगबगीनं डबा पुढं केला. "आत्ती, खावा की आता!"

आक्काताईंनी खिडकीबाहेर पाहिलं आणि डब्याचं झाकण लावलं. "दीस बुडाला की."

आदितीचा चेहरा पडला. एवढे दिवस तिनं "नको" ऐकलं होतं, आज पुन्हा तेच.

"तोंड पाडू नगंस," आक्काताई म्हणाल्या. "उद्या हेच दोडकं कर. उद्या खातो की मी."