क्लॉडचे वाईट शनिवार

क्लॉड खोकायला लागला की मी मनातल्या मनात बॅगशॉ साहेबाचा उद्धार करायचे. त्याच्या चामड्याच्या कारखान्यात, चुन्याच्या हौदांवर, माझा नवरा सहा वर्षं राबत होता आणि शनिवारी त्याच बॅगशॉच्या फुटबॉल क्लबचा गोल राखत होता. आमच्याकडच्या फुटबॉलमध्ये चेंडू हातांनी झेलतात, तेही दुसऱ्याच्या पाठीवर चढून. नोकरी खेळामुळे मिळाली, राहती खोली नोकरीमुळे. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, चुना सुटला नाही तर हा अजून दोन हिवाळे काढणार नाही.

माझा भाऊ विल्फ तिकडे पश्चिमेला, कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणींवर होता. तिथल्या संघाला बचावासाठी माणूस हवा होता आणि खेळणाऱ्याला लाकडाच्या वखारीत काम मिळणार होतं, मोकळ्या, कोरड्या हवेत. पण जुन्या क्लबची चिठ्ठी असल्याशिवाय दुसऱ्या संघातून मैदानात पाऊल टाकता येत नाही. चिठ्ठीवर सही अध्यक्षाची, म्हणजे पुन्हा बॅगशॉचीच.

मी स्वतः गेले त्याच्याकडे.

"बाई, धडधाकट खेळाडू सोडायला मला काय वेड लागलंय?" तो म्हणाला. "त्याचे पाय गळाले की सांगा. मीच चिठ्ठी लिहून देईन."

मग आम्ही ठरवलं, पाय गळवायचे.

क्लॉडला ते सोसेना. पहिल्या शनिवारी त्याने दोन चेंडू मुद्दाम सोडले आणि घरी येऊन जेवलाच नाही. तिसऱ्या शनिवारपर्यंत गुत्त्यातली माणसं त्याला 'आजोबा' म्हणायला लागली. शेजारची मिसेस क्विगली कुंपणावरून म्हणाली, "एडा, नवऱ्याला खायला घालतेस ना गं काही?"

"घालते की," मी म्हटलं. "तुमच्यासारखं नुसतं पाजत नाही, इतकंच."

शुक्रवारी बॅगशॉ हौदांवर आला. "उद्याही असाच खेळलास तर सोमवारी ये आणि सही घेऊन जा," असं तोंडावर सांगून गेला. मी लगेच ट्रंक भरायला घेतली.

शनिवारी क्लॉड इमानेइतबारे वाईट खेळला. लोक त्याला शिव्या घालत होते आणि मला प्रत्येक शिवी गोड लागत होती. शेवटचं मिनिट आलं. आम्ही चार गुणांनी पुढे होतो आणि समोरच्यांनी आमच्या गोलाकडे उंच चेंडू मारला. गोल झाला तर सहा गुण, सामना त्यांचा आणि चिठ्ठी आमची. क्लॉडने फक्त जमिनीवर उभं राहायचं होतं.

त्याची मान वर गेली. समोरच्या खेळाडूच्या पाठीवर गुडघा रोवून तो हवेत चढला, सगळ्यांच्या डोक्यांवर, आणि चेंडू त्याच्या दोन्ही हातांत बसला. तेवढ्यात सामना संपल्याची घंटा झाली.

लोकांनी त्याला खांद्यांवर घेतलं. बॅगशॉ टोपी हलवत पुढे आला. "हे गळालेले पाय? लेका, अजून दहा वर्षं तुला कुठे सोडत नाही मी!"

क्लॉड कसाबसा सुटून कठड्यापाशी आला. खोकल्याने त्याला उभं राहवत नव्हतं.

"एडा, माफ कर मला," तो म्हणाला. "हात आपोआप गेले गं."

माझा घसा पार बसला होता. चेंडू त्याच्या हातात आला तेव्हा सगळ्या मैदानात सर्वांत मोठ्याने मीच ओरडले होते, आनंदाने.