काटे आतल्या बाजूला

"आकारामदादा, आधी येवढं सांगा, अडवायचं कुणाला?" सिकंदरनं मोजायची टेप गुंडाळत विचारलं.

आकाराम शेराच्या झुडपांच्या मोडलेल्या कुंपणाकडे बघत राहिला. उसाची लादलेली बैलगाडी चढावर मागं सरकली आणि थेट त्याच्या घराच्या कुंपणावर येऊन बसली, त्याला आज नऊ दिवस झाले होते. दहा हात शेर पार भुईसपाट झाला होता. त्याचा पांढरा चीक वाळून काळा पडला होता. मोडलेल्या जागेतून पलीकडचा साखर कारखान्याचा रस्ता आता पार वळणापर्यंत दिसायचा.

"म्हंजे कसं," सिकंदर म्हणाला, "ढोरं अडवायची आसतील तर दगडी खांब रोवू, चार पदर काटेरी तार मारू, झालं काम. पर माणूस अडवायचं म्हटलं तर सात पदर लागत्यात. आन् फाटकाला कुलूप. नुसती साखळी चालायची न्हाई."

"ढोरंच," आकाराम म्हणाला.

सिकंदर इस्लामपुरात लोखंडी फाटकं आणि तारेची कुंपणं करून द्यायचा. सगळ्या आळीला जे ठाऊक होतं ते त्यालाही ठाऊक होतं. पण माणूस जे सांगत नाही ते त्याच्या तोंडून काढायचं नाही, एवढी रीतभात त्याच्याकडे होती.

"बरं, ढोरं तर ढोरं. पर तार मारायची तर समदा शेर मुळापासनं उपटायला लागंल. निम्मा शेर आन् निम्मी तार, आसलं ठिगळाचं काम मी करत न्हाई. न्हाईतर मग डागडुजी करा. बाभळीच्या फांद्या दाबून ठेवा, पावसाळ्यात शेराची कांडकी खोचा, दोन वरसात भरून येतंय. काय त्ये आज सांगा दादा. उद्या मी पाटणला कामावर चाललोय, महिनाभर न्हाई."

आता आकाराम काही कुंपणातलं कळत नाही असा माणूस नव्हता. त्याची उभी हयात कोंडवाड्यावर गेली होती. गावात मोकाट फिरणारी, कुणाच्या पिकात शिरलेली गुरं हाकून आणायची, कोंडायची आणि मालक आला की सोडायची, हे काम त्यानं सत्तावीस वर्षं इमानानं केलं. लोक त्याला तोंडावर आकारामदादा म्हणत आणि पाठीमागं म्हशींचा जेलर. बहात्तरच्या दुष्काळात मोकाट फिरायला गुरंच उरली नाहीत. कोंडवाड्याला टाळं लागलं आणि जेलरसाहेब घरी बसले.

त्या सत्तावीस वर्षांत त्याच्या बायकोनं, चंद्राबाईनं, एक दुपार चुकवली नाही. सूर्य डोक्यावर आला की फडक्यात भाकरी बांधून बाई कोंडवाड्याच्या दारात हजर. काखेत मूठभर कडबाही असायचा, कोंडलेल्या जनावरांसाठी. "आवं, ह्येंचा काय गुन्हा?" असं रोज एकदा म्हणायची आणि तो रोज हसायचा.

गेल्या दिवाळीपासून चंद्राबाईचं काहीतरी बिनसत गेलं. आधी आमटीत दोनदा मीठ पडायला लागलं. मग चूल पेटवून ती कशासाठी पेटवली ते आठवेना. मिरजेच्या डॉक्टरनं डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं आणि वयामुळं होतं असं काही, असं सांगून टाकलं. आणि संक्रांतीच्या आसपास एका दुपारी ती भाकरी बांधून निघाली. आकाराम ओट्यावर बसलेला होता. त्याच्या अंगावरून, त्याच्यासाठीच भाकरी घेऊन ती कोंडवाड्याकडे निघाली.

"अगं, मी हितंच हाय की!" आकाराम हसत म्हणाला होता.

पाव्हण्याकडे बघावं तसं तिनं त्याच्याकडे बघितलं. "बसा," म्हणाली, "आल्यावर च्या ठेवते." त्याचं हसणं तिथंच वाळून गेलं.

मग त्यानं फाटकाला साखळी घातली. ती काढायचं चंद्राबाईला उमगेना. दुपारी येऊन थोडा वेळ ती फाटकापाशी उभी राहायची आणि मुकाट्यानं आत जायची. तसं बरं चाललं होतं म्हणायचं. पण ती गाडी आली, कुंपण मोडलं आणि तिला वाट सापडली. गेल्या मंगळवारी उसाच्या ट्रकनं करकचून ब्रेक मारला म्हणून बाई वाचली. ड्रायव्हर खाली उतरून शिव्या देत होता आणि ती धुळीतून भाकरी गोळा करत होती.

साताऱ्याहून लेक, विजयमाला, धावत आली. दोन दिवस राहिली आणि आज सकाळच्या एस.टी.नं परत गेली. जाताना डोळे पुसत म्हणाली, "आबा, समद्या बाजूंनी तार मारा आन् फाटकाला कुलूप लावा. तुमचं मन होईना ते मला कळतंय. पर एक दिवस आईला चाकाखालनं काढाया लागंल."

तिचं खोटं नव्हतं. खोटं कुणाचंच नव्हतं, हीच तर पंचाईत होती. पण तार म्हटली की आकारामाच्या डोळ्यांपुढं एक तांबडी गाय यायची. ताजी व्यालेली होती. वासरू घरी आणि ती कोंडवाड्यात. मालक येईपर्यंत तिनं तारेवर धडका देऊन छाती फाडून घेतली होती. ज्याला जायचंच आहे त्याला तारेचा काटा दिसत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? सत्तावीस वर्षं दुसऱ्यांची जनावरं कोंडली, आणि म्हातारपणी घरच्या बाईला कोंडायची पाळी यावी, या विचारानं त्याला भडभडून आलं. ते दिसू नये म्हणून तो खाली वाकला आणि शेराची एक मोडकी कांडी उगाच उचलून बाजूला टाकली.

"तार नगं सिकंदर," तो म्हणाला. "डागडुजीच करतो."

सिकंदरनं टेप खिशात टाकली. "दादा, ल्हान तोंडी मोठा घास हुतोय, पर बाभळीनं माणूस थांबत न्हाई."

"तारंनं तरी कुठं थांबतंय?"

सिकंदर सायकलवर टांग टाकून निघून गेला.

आकाराम कोयता घेऊन ओढ्यावर गेला. बाभळीच्या काटेरी फांद्या तोडून त्यानं फरफटत घरी आणल्या आणि बेचक्याच्या काठीनं एकेक फांदी उचलून मोडक्या जागेत दाबायला सुरुवात केली. रस्त्यानं जाणारा एक गाडीवान त्याचं काम बघून थबकला, काहीतरी विचारणार होता, पण मग बैल हाकून पुढं गेला. आकारामानं मान वर केली नाही. जन्म शेतकऱ्यांत काढलेल्या माणसानं करू नये असं काहीतरी तो करत होता. पण तिला काटे दिसले की ती फाटकापाशी थबकते तशी थबकेल आणि आत निघून जाईल, एवढीच त्याची आशा होती.

सहासात फांद्या लावून झाल्या असतील.

"ए बाबा."

आकारामाच्या हातातली काठी थांबली. चाळीस वर्षं तिनं त्याला 'आवं' म्हणून हाक मारली होती. मागं चंद्राबाई उभी होती. डोक्यावर पदर, हातात भाकरीचं फडकं.

"कुणी लावलं रं तुला ह्या कामाला?"

"मालकांनी," त्याच्या तोंडून निघून गेलं.

"मग नीट तरी कर की! काटं आत करून कुणी कुंपण घालतंय व्हय? बुडखं आत घ्यायची आन् शेंडं भाईर. ढोरं भाईरनं येत्यात. आत कोण हाय अडवायला?"

आत कोण आहे ते तिलाच कसं सांगायचं?

तिनं फडकं दगडावर ठेवलं, वाकून एका फांदीचा तोडलेला बुडखा चिमटीत धरला आणि फांदी अलगद फिरवून काटे रस्त्याकडे केले. एक काटा तिला लागला नाही. माणसं विसरलेल्या त्या हातांना हे सगळं लख्ख आठवत होतं.

"आसं," ती म्हणाली. "आता तू कर बघू."

मग आकारामानं एकेक फांदी फिरवायला घेतली. ती कमरेवर हात ठेवून बघत होती. "हां, ती जरा आवळ. तिकडं फट ऱ्हायली बघ." असं काटे बाहेर केलेलं कुंपण आतून एका पायानं लोटलं तरी बाजूला होणार, हे त्याला कळत होतं. तरी तो ती सांगेल तशी फांदी फिरवत गेला. कितीतरी दिवसांनी ती त्याच्याशी इतकं बोलत होती.

फांद्या फिरवून झाल्या तसं तिनं फडकं उचललं. "चल, आता वाट सोड. मालक उपाशी बसलं आसतील."

विचारू नये हे त्याला समजत होतं. तरी जीव राहवेना. त्यानं विचारलं, "बाई, तुमच्या मालकांचं नाव काय म्हणायचं?"

चंद्राबाईनं त्याच्याकडे बघितलं, मग एकदम मान खाली घातली. तोंडाला पदर लावून ती नव्या नवरीसारखी लाजली.

"आरं जा तिकडं! नवऱ्याचं नाव कुणी घेतंय व्हय?"

लग्नातल्या उखाण्यानंतर तिनं त्याचं नाव कधीच घेतलं नव्हतं. आता ती रीत पाळत होती, की नावच तिच्यापाशी उरलं नव्हतं, हे आकारामाला कळायला काही मार्ग नव्हता. तो तिच्या लाजऱ्या चेहऱ्याकडे नुसता बघत राहिला. मग काठीनं कडेच्या दोन फांद्या त्यानं बाजूला सारल्या आणि तिला वाट करून दिली.

"मीबी तिकडंच निगालोय बाई. येऊ का संगं?"

"ये. पर मागनं ये," ती कुंपणाबाहेर पाऊल टाकत म्हणाली. "परक्या गड्यासंगं दिसले तर मालक काय म्हणतील?"

रस्त्यावर उसाचे ट्रक चालले होते. आकारामानं डोक्यावरचा पटका सारखा केला आणि ट्रकांच्या बाजूनं, चार पावलं अंतर ठेवून, तो तिच्या मागून चालू लागला.