ब्लू मार्थाच्या तोंडाशी

“तू इथेच थांब, थर्झा. हा आलोच मी,” म्हणत ऑर्व्हल वाकला आणि कुजक्या लाकडी चौकटीखालून खाणीत शिरला. जेवणाचा डबा त्याच्या हातात होता. टॉर्च माझ्या पिशवीत होता. हे माझ्या लक्षात येईपर्यंत त्याच्या बुटांचा आवाज आत खोल गेला होता.

सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. पुढच्या आठवड्यात सरकारी माणसं येऊन आमच्या नेव्हाडातल्या त्या डोंगरावरच्या सगळ्या बंद खाणींना लोखंडी गज बसवणार होती. त्याआधी एकदा वर जाऊन येऊ, असा नवऱ्याने हट्ट धरला. मुलगी फोनवर नको म्हणाली. गेल्या हिवाळ्यापासून तो विसरायला लागला होता. शेगडीवर किटली ठेवायचा आणि अंगणात जाऊन बसायचा. पण डोंगरावरची वाट त्याला पाठ होती. सेजच्या झुडपांतून, खाणींतून उपसलेल्या पिवळ्या मातीच्या ढिगांवरून तो माझ्यापुढे चालला होता. एकेका खाणीपाशी थांबून तिथे कोण काम करायचं ते सांगत होता. कधीच मातीत गेलेली माणसं; त्यांची नावं अचूक, शिव्यासुद्धा. मला वाटलं, उगाच भ्याले मी.

मग ब्लू मार्था आली. ही त्याची खाण, तो मजुरीला होता ती.

चौकटीतून गार वारा पायांवर येत होता. तरुणपणी मी तिथे अनेकदा उभी राहिले होते. भोंगा अवेळी वाजला की गावातल्या बायका हातातलं टाकून वर धावत आणि आपलं माणूस बाहेर येईपर्यंत तिथेच थांबत. आत मात्र कुणी पाऊल टाकलं नाही. बाई खाणीत शिरली की डोंगर खाली बसतो, असं आमचे पुरुष मानत. एकदा मालकाची बायको हौसेने आत गेली, तर पाळीवरचे सगळे हत्यारं टाकून बाहेर आले. सगळ्यांत पुढे ऑर्व्हल. मजुरी बुडवलीस म्हणून मी बोलले, तर म्हणाला, “मजुरी उद्या मिळेल. मान एकदाच मोडते.”

मी हाका मारून पाहिल्या. वळणापुढे जमिनीत सरळ खाली जाणारा खड्डा आहे, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. कुठेतरी माती घरंगळली. गावात जाऊन माणसं आणायची, तर सूर्य मावळला असता.

मी टॉर्च लावला आणि चौकट ओलांडली.

वळणापाशी तो सापडला. एका फळीवर, डबा मांडीवर घेऊन, शेजारी बसणाऱ्यांना जागा ठेवावी तसा कडेला सरकून बसला होता. खड्डा त्याच्या पायांपासून जेमतेम हातभर. चल म्हटलं, तर हलेना. मीच आहे हे कळावं म्हणून मी टॉर्च स्वतःच्या तोंडावर धरला.

तो ताडकन उठला.

“बाईला आत कुणी सोडलं?” तो अंधाराकडे वळून म्हणाला. “चला रे. सगळे बाहेर.”

माझा दंड धरून तो निघाला. खड्ड्याच्या कडेपासून मला लांब सरकवलं, वाकायचं तिथे माझं डोकं हाताने खाली दाबलं, आणि एकदाही न अडखळता मला उजेडात आणलं. बाहेर आल्यावर त्याचा राग ओसरला. माझ्याकडे तो बराच वेळ बघत राहिला. मग त्याने टोपी काढली.

“बाई, तुमचं कोणी आत आहे का?”

“होतं,” मी म्हटलं. “आलं बाहेर.”

“देवाची कृपा.”

मला दगडावर बसवून त्याने डबा उघडला. पहाटे मी भरून दिलेली मटण-बटाट्याची करंजी मोडली आणि मोठा तुकडा माझ्यापुढे केला.

“घ्या. घाबरलात तुम्ही. माझ्या बायकोच्या हातची आहे. मीठ जरा जास्तच टाकते ती.”

मी खाल्ली. मीठ बरोबर होतं.