दोन उजव्या बाह्या

उचलला!

नाही, इतक्यात नाही. आधी ती कात्री.

काळ्या मुठीची, बारा इंची, वजनदार. मिटते कशीही, पण उघडायला अंगठा लागतो. शिंप्याच्या दुकानात बेतायचं मास्तरांनी आणि शिवायचं त्यांच्या थोरल्या बहिणीनं, ही तीस वर्षांची वाटणी. मग मास्तर कापडाचा तागा काढताना स्टुलावरून पडले. मनगट मोडलं, डॉक्टरीणबाईंनी आत धातूची पट्टी आणि स्क्रू बसवले, हाड छान जुळलं. एक्स-रे बघून सगळे खूश. तिसऱ्या महिन्यात एका कोटाची पाठ बेतताना कात्री

मिटली ती मिटलीच.

ना दुखलं, ना आवाज झाला. अंगठ्यानं नुसती मान टाकली. एका स्क्रूचं टोक हाडातून केसभर बाहेर डोकावत होतं. अंगठा उचलणारी दोरी, म्हणजे टेंडन, त्यावर घासून घासून तुटली होती.

"होतं असं कधीकधी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "टोकं विरली आहेत, जोडून उपयोग नाही. पण अंगठ्याशेजारच्या बोटाला अशा दोन दोऱ्या असतात. त्यातली एक अंगठ्याला लावू."

"इथलं उसवून तिथं शिवायचं."

"अगदी!"

मास्तरांना हे इतकं पटलं, की ऑपरेशनला ते हसत गेले.

चार आठवड्यांनी हात प्लास्टरमधून बाहेर आला.

"उचला अंगठा."

ढिम्म.

"तसं नाही. ती दोरी अजून स्वतःला बोटाचीच समजते. तुम्ही बोट दाखवा. त्या खिडकीकडे. मागोमाग अंगठा येईल."

मास्तरांनी खिडकी दाखवली. घरी येऊन दार दाखवलं, पंखा दाखवला, भिंतीवरचं घड्याळ दिवसातून शंभर वेळा दाखवलं. बोट जायचं, पण कसं, तर परक्या घरी दुसऱ्यांदा चहा मागितल्यासारखं. अंगठा जागचा हलेना. वडिलांनी धंदा शिकवताना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, गिऱ्हाइकाच्या पोटाला बोट दाखवायचं नाही, खडू दाखवायचा. तेव्हापासून मास्तरांनी जगात जे काही दाखवलं, ते मुठीतल्या खडूनं. बोट दाखवायचं कसं, हेच हाताला ठाऊक नव्हतं.

दोन आठवडे गेले. "दोरी आत चिकटली असेल तर पुन्हा उघडून सोडवावी लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शुक्रवारी ठरवू."

पुन्हा उघडायचं! आणि त्यानंतरही हलला नाही तर? कात्री खुंटीवर, मास्तर स्टुलावर, कायमचे.

गुरुवार, दुपार. बँडवाल्याचा निळा लोकरी कोट ताई बेतत होती. कापड तेवढंच होतं.

"ताई, ही बाही उजवी."

"हो."

"आणि ही?"

ताईनं बाही एका हाताला लावली, मग दुसऱ्या. "ही पण उजवीच. पण जरा डावीकडे झुकणारी."

"दोन्ही उजव्या! अगं, नमुना पालटून ठेवायचा असतो!"

"मग पालटायला यायचं होतंस. तू बसलास घड्याळाला बोट दाखवत. मी बेतू की शिवू? पडायचं आपण आणि निस्तरायचं मी!"

"मी पडलो? स्टूल हललं कसं?"

पाच महिने स्टुलाचं नाव कुणी काढलं नव्हतं.

"कसं?" ताई म्हणाली. "कोणी हलवलं? बोल ना!"

"तू! तूच!"

बोट सुटलं. खडूशिवाय, लांबच्या लांब, ताईच्या नाकासमोर. आणि त्याच्या शेजारी

उचलला!

"मला अंगठा दाखवतोस?" ताई कडाडली.

"बोट दाखवतोय!"

"डोळे आहेत मला. अंगठा आहे तो!" आणि मग तिचा आवाजच बदलला. "अरे... अंगठा आहे तो!"

दोघांनी अंगठ्याकडे पाहिलं. तो थरथरत, नवख्या पोरासारखा उभा होता. पाहता पाहता खाली आला.

"पुन्हा म्हण."

"जाऊ दे ताई, रागात निघालं तोंडातून..."

"म्हण म्हणते ना! मीच सरकवलं होतं स्टूल. दोरा पडला होता खाली. तू वर आहेस हे बघितलंच नाही. आता म्हण!"

"तूच," मास्तर हळूच म्हणाले.

हलला नाही.

"असं नको, मनापासून!"

"तूच! तूच गं बये!"

उचलला! उचलला! ताईनं टाळी वाजवली, टाचण्यांचा डबा उडाला, कुणी उचलायच्या भानगडीत पडलं नाही.

जोराचं काम करायचं नाही, अशी ताकीद होती. म्हणून कापड नाही, नमुन्याचा कागद. मोठी कात्री टेबलावर आडवी, वजन सगळं टेबलावर. मास्तरांनी तिच्या मुठीत अंगठा घातला. ताई समोर येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली, नाक पुढे करून.

"तूच." पाती बोटभर उघडली. कच.

"तूच." कच.

"कापडाचं काय पण?" ताईनं विचारलं.

"कडेला पट्टी उरली आहे. दोन तुकडे जोडून डावी बाही काढू, शिवण आतून घेऊ. तूच." कच.

"आणि उद्या डॉक्टरीणबाईंसमोर मी कशी येऊ? दुकान कोण बघेल? अंगठा कसा उचलशील?"

मास्तरांच्या चेहऱ्यावर कित्येक आठवड्यांत नव्हतं ते मिश्कील हसू पसरलं.

"स्क्रू कोणी बसवला होता?" ते म्हणाले.

आणि कात्री आपोआप, पुरती, आ वासून उघडली.