हमखास नकार मिळण्याचं ठिकाण

सरकारचं म्हणणं सरळ होतं. बेकारीचा भत्ता हवा असेल, तर दर चार आठवड्यांत दोनदा काम शोधल्याचं दाखवा. एकदा शोधलंत तर चालणार नाही, आणि रोजगार कचेरीच्या भिंतीवरच्या जाहिराती वाचून उसासे टाकलेत, तर ते शोधण्यात धरलं जाणार नाही. हात्सुए नेमोतोने हे पहिल्याच दिवशी वहीत उतरवून घेतलं होतं. सव्वीस वर्षं तिने हातमोज्यांच्या कारखान्यात अंगठे शिवले होते. नुसते अंगठे, बाकीची चार बोटं दुसऱ्या बायकांकडे. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा ती चोपन्न वर्षांची होती, आणि चोपन्न वर्षांच्या बाईला अंगठ्यापलीकडे काय येतं हे विचारायला गावात कुणाला सवड नव्हती.

अर्ज तिने केले, नाही असं नाही. अकरा केले. अकरा ठिकाणांहून सुबक पत्रं आली. आपली निवड करता आली नाही, आपल्या पुढील भरभराटीसाठी आम्ही मनापासून प्रार्थना करतो.

"अकरा जण माझ्यासाठी प्रार्थना करतायत," सकाळी नवऱ्याच्या फोटोपुढे भाताची वाटी ठेवताना ती म्हणायची, "आणि भरभराटीचा पत्ता नाही." नवरा जिवंतपणीही अशा गोष्टींवर फारसं बोलत नसे.

फेब्रुवारीत तिचं घोडं काम शोधल्याच्या एका नोंदीवर अडलं. 'मुलाखतीत हसावं कसं' हे दीड तासाचं व्याख्यान ऐकून पहिली नोंद झाली होती. दुसरी जुळेना, आणि कचेरीतल्या हजेरीचा दिवस शुक्रवारवर आलेला. बुधवारी कचेरीच्या बाकावर तिचा उतरलेला चेहरा पाहून शेजारी बसलेले ओनोदेरा खाकरले. ओनोदेरा पूर्वी बस चालवायचे. बसचा मार्ग बंद झाला आणि तेव्हापासून ते या बाकावर असे ऐसपैस बसत, जणू बाक त्यांनीच चालवत आणलाय.

"दुसरी नोंद मिळत नाही ना, नेमोतोसान?"

"नाही हो."

"मग कुरोइवा आजींच्या हमामखान्यात जा. गुरुवारी दुपारी मुलाखत. हमखास नकार."

"हमखास?"

"सहा वर्षं त्यांची जाहिरात लागलीय, अजून एकालाही ठेवलं नाही. चहा देतात, मुळ्याचं लोणचं देतात, तासभर गप्पा मारतात आणि नकार लिहून हातात, झाली नोंद. मी चार घेतलेत. अर्ध्या गावाचा भत्ता त्या म्हातारीच्या जिवावर चाललाय."

"मग त्या जाहिरात देतात तरी कशाला?"

"ते विचारायचं नाही. आणि हे बघा, दारातच स्पष्ट सांगायचं, नोंदीपुरती आलेय म्हणून. म्हातारीला उगीच घोर नको."

सल्ला फुकटचा होता, पण सल्ल्यात दम होता. गुरुवारी हात्सुए चांगले बूट घालून हमामखान्यात गेली. दाराच्या निळ्या पडद्याची किनार उसवली होती. आत एक्याऐंशी वर्षांच्या किकु कुरोइवा गल्ल्याच्या उंच बैठकीवर मांजरीसारख्या बसल्या होत्या.

"आजी, तसदी देते," हात्सुए कमरेत वाकून म्हणाली, "नोंदीपुरतीच आलेय."

"असू दे, असू दे. या, बसा." आजी खाली उतरायला लागल्या. त्या उतरण्यात इतका वेळ गेला की हात्सुएला मध्येच हात द्यावा लागला.

चहा आला, लोणचं आलं, मुलाखत सुरू झाली. काम साधं होतं. दुपारी भट्टी पेटवायची, रात्री फरशी घासायची, वयाची अट नाही. पण आजींना कामाबद्दल बोलायची घाई नव्हती.

"अंगठे शिवायचात म्हणता. अवघड असतो का अंगठा?"

सव्वीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. नवऱ्यानेही नाही. हात्सुए म्हणाली, तसं काही नाही, आणि मग अर्धा तास बोलत राहिली. बोटं सगळी एका रांगेत उभी असतात, अंगठा आडवा निघतो, त्याच्या बुडाशी कापड किंचित सैल ठेवावं लागतं, नाहीतर मूठच वळत नाही. आजी मध्येमध्ये स्वतःचा अंगठा वळवून बघत होत्या. बोलता बोलता हात्सुएने पिशवीतून सुईदोरा काढून पडद्याची किनारही शिवून टाकली. निघताना आजींनी दौत ओढली आणि कुंचल्याने झोकदार नकार लिहून दिला. खाली प्रार्थना होतीच.

घरी जाताना हात्सुएला कळून चुकलं की आपल्याला ती नोकरी हवी आहे. भूक लागावी तशी हवी आहे. आणि पिशवीत नकार आहे, तोही आपणच मागून आणलेला.

शुक्रवारी कचेरीतल्या इसोगाइ नावाच्या तरुण कारकुनाने तिचा महिन्याच्या तारखांचा तक्ता तपासला. कुठलंही काम किंवा मदत केली की त्या तारखेवर फुली मारायची असते, लपवलंत तर फसवणूक, हे कचेरीने पहिल्याच दिवशी तीनदा बजावलं होतं. हात्सुएने गुरुवारवर फुली मारली होती.

"'पडद्याला टाके, वीस मिनिटं. मोबदला, लोणच्याच्या तीन फोडी,'" इसोगाइने वाचलं. "ही मदत मुलाखतीच्या आधी की नंतर?"

"मुलाखत चालू असताना."

इसोगाइने नियमांची फाइल काढली, बराच वेळ चाळली आणि पुन्हा ठेवून दिली. "लोणचं तिथंच खाल्लंत ना? मग राहू द्या."

मार्चमध्ये ती पुन्हा गेली. वाटेत तिने वाक्य घोकलं होतं, पण दारात पाय टाकला आणि तोंडातून सवयीने निघालं, "नोंदीपुरतीच आलेय." स्वतःचाच तिला असा राग आला की लोणचं गोड लागेना. पण मागायचं तरी कसं? सहा वर्षं ज्यांनी एकालाही ठेवलं नाही, त्यांच्याकडे नोकरी मागायची म्हणजे त्या बिचारीला तोंडावर खरा नकार द्यायला लावायचा. असलं माणसाने माणसाला करू नये. त्या दिवशी भट्टीशी सरपण तेवढं रचून ती परत आली. तक्त्यावर आणखी एक फुली पडली.

एप्रिल उजाडला. भत्त्याचे दिवस मेअखेर संपणार होते. नंतर ना भत्ता, ना नोंद, ना गुरुवार. हमामखान्याबाहेरच्या बाकावर ओनोदेरा आपल्या पाचव्या नकारासाठी आधीच येऊन बसले होते.

"तुम्ही व्हा पुढे," ते उदारपणे म्हणाले. "माझं काय, ठरलेलंच आहे."

आत आजींनी कुंचला आधीच ओला करून ठेवला होता. "नोंदीपुरतंच ना?"

हात्सुएची मान हलायला लागली होती. तिने ती थांबवली. घोकलेलं वाक्य नेमकं या वेळी आठवेना.

"नाही," ती म्हणाली. "मला नोकरी हवी आहे. ही. नकार द्यायचा तर द्या, पण मी मागितली आहे हे ऐकून मग द्या."

कुंचल्यावरून शाईचा थेंब कागदावर पडला. आजींचं तिकडे लक्ष नव्हतं.

"पुन्हा म्हणा," त्या म्हणाल्या. "डाव्या कानाने कमी ऐकू येतं."

हात्सुएने उजव्या कानाशी पुन्हा सांगितलं. आजींनी कुंचला दौतीवर आडवा ठेवला.

"सत्तर माणसं आली असतील या दारात. प्रत्येक जण उंबऱ्यावरच म्हणाला, आजी, नोंदीपुरता आलोय. पाहुण्याने नकार मागितला, तर त्याच्या गळ्यात नोकरी बांधायची? बरं दिसतं का ते? मी आपली देत राहिले."

"म्हणजे तुम्हाला खरंच माणूस हवं होतं?"

"सहा वर्षं लाकडं कोण उचलतंय असं वाटलं तुला?" आजींचा आवाज चढला आणि मध्येच फाटला. त्यांनी बाहीने नाक पुसलं. "मला वाटायचं, भट्टीचं काम आहे, आता कोण करणार असलं. मेल्यांनी हवी असेल तर मागावी की नाही?"

हात्सुएला हसू आलं आणि रडूही आलं, आणि व्याख्यानातलं कुठलंच हसू ते नव्हतं. आजींनी शाई सांडलेला कागद चुरगळून तिच्या हातात दिला, भट्टी पेटवायला.

ती बाहेर आली. ओनोदेरा टाय सारखा करत उठले.

"मिळाला?"

"नाही मिळाला."

"अरेरे." ओनोदेरांना मनापासून वाईट वाटलं. "आजींची तब्येत ठीक नसेल. पुढच्या गुरुवारी या, नक्की देतील. मी बोलतो हवं तर."

"ओनोदेरासान, मला ठेवून घेतलं. आजपासून."

त्यांनी दाराकडे बघितलं, मग पुन्हा तिच्याकडे.

"काय केलंत तुम्ही?"

"मागितली."

ओनोदेरा हळूच बाकावर बसले. एरवीसारखे ऐसपैस नव्हे, कडेला.

"मलाही हवी होती," ते म्हणाले. "पहिल्या गुरुवारपासून."