शेवटची पाच पानं

"आता काय होऊन राह्यलं?" साहेबराव सरांनी थिएटरच्या अंधारात विचारलं.

"पोरगी मिठाच्या समुद्रावर आली, सर. होडी न्हाई. कासव बोलून राह्यलं तिच्याशी," फरहानानं त्यांच्या कानाशी लागून सांगितलं.

"कासव बोलून राह्यलं!" सर खुदकन हसले.

साखरेच्या आजारानं सरांची नजर पार नेली होती. फरहानानं स्वतः तिकीट काढून त्यांना जाफराबादहून जीपनं जालन्याला आणलं होतं, दुपारच्या खेळाला. निघताना सरांची सून वंदना म्हणाली, "विद्यार्थिनी असावी तर अशी." फरहाना गोड हसली. मनात म्हणाली, थांबा जरा, दिवस मावळायच्या आत कळेल कशी ते.

सिनेमा तिला मनापासून आवडत होता, हेही खरंच. पुस्तकातलं कासव म्हातारं, कुरकुरं होतं, इथं उगाच तरणंताठं केलं होतं, याचा तिला रागही आला. पण राणीनं चोरलेला आईचा आवाज पोरीनं डबीत बंद करून पदराखाली घेतला, तेव्हा चव्वेचाळीस वर्षांच्या या शिवणकामवालीनं टाळीच वाजवली. पुढच्या रांगेतली पोरं वळून बघायला लागली.

ज्या सहा पुस्तकांवरून हा सिनेमा काढला, ती तिच्या शाळेत होती. कपाटात, कुलपात, वर्तमानपत्राचं वेष्टण घालून. एखादं हरवलं तर जबाब द्यावा लागेल म्हणून सर ती कुणाच्या हाती पडू देत नसत. वर्षातून दोनदा तपासणी असे. त्या दिवशी सतरंज्या अंथरून प्रत्येक पोरापुढं कपाटातलं एकेक पुस्तक उघडून ठेवलं जाई. "नुसतं बघत बसायचं. पानं उलटायची न्हाईत, मळतात," सरांचा हुकूम. तपासणीचे साहेब यायचे दुपारी तीनला, पोरं बसायची सकाळी नऊपासून. बाकीची पेंगायची. फरहाना दर वेळी या सहातलं पुढचं पुस्तक गाठून बसायची आणि चोरून पानं उलटत वाचायची. पाचवी ते सातवी, सहा तपासण्या, सहा पुस्तकं.

सहाव्या वेळी साहेब नेमके तिच्यापुढं थांबले. काय वाचतेस, म्हणाले. तिनं घडाघडा पाचही पुस्तकांची गोष्ट सांगितली. साहेब खूश. "एवढं कधी वाचलंस गं?"

"तपासणीला, साहेब. एरवी भेटतच न्हाईत."

बारा-तेरा वर्षांची पोर, खरं बोलली. पुस्तकं कुलपातच राहतात, असा साहेबांनी शेरा लिहिला आणि गेले. जीप फाटकाबाहेर पडायच्या आत सरांनी पुस्तक तिच्या हातातून ओढून घेतलं. पाच पानं राहिली होती. दुसऱ्या दिवशी सर स्वतः तिच्या अब्बांकडे गेले. "पोरगी लई बोलायला लागली. शाळा बास झाली आता, घरकाम शिकवा." अब्बांनी सरांचं ऐकलं. गुरुजींचा शब्द खाली कोण पडू देणार? फरहाना मशीनवर बसली ती बसलीच. एकतीस वर्षं झाली.

पडद्यावर पोरगी कासवाच्या पाठीवरून उतरली. वाळूत तिच्या गावाची वेस दिसली. फरहाना खुर्चीत पुढं सरकली. ओळन् ओळ आठवत होती, ती इथवरच.

"मंग?" सर म्हणाले. "पोचली का घरी?"

फरहाना त्यांच्या कानापासून दूर सरली.

"अगं, सांग ना. गाणं बंद झालं. काय झालं?"

ती पडद्याकडे बघत राहिली. पोरगी घराशी पोचली. गावात पन्नास वर्षं उलटून गेली होती. दार उघडलं ते एका म्हातारीनं, आणि म्हातारीनं काही तिला ओळखलं नाही. पोरीनं डबी उघडली. त्यातून निघालेला आवाज म्हातारीच्या गळ्यात गेला आणि तिनं पोरीला नावानं हाक मारली. फरहाना ओढणीत तोंड घालून रडली. शेजारी सर तिची बाही ओढत होते, आणि तिला ते फार बरं वाटत होतं. लाज वगैरे काही वाटली नाही.

बाहेर रसवंतीच्या बाकावर सरांना बसवून तिनं सांगून टाकलं. कपाट, तपासणी, साहेब, अब्बा, सगळं. सरांनी मान हलवत ऐकलं.

"असंल बाई," ते म्हणाले. "मला काही याद न्हाई."

याची तयारी तिनं केली नव्हती. सर रागावतील, माफी मागतील, खोटं पाडतील, सगळं धरून चालली होती. तिचा जन्म ज्यानं मशीनला जुंपला त्याला ते लक्षातसुद्धा नव्हतं.

"मला पाच पानं न्हाई भेटली, सर. तुम्हाला बी भेटणार न्हाईत," ती म्हणाली. "बिलकुल न्हाई सांगणार."

परतीच्या जीपमध्ये सर तिच्या शेजारी बसले होते. राजूर मागं पडल्यावर हळूच म्हणाले, "एवढंच सांग, आई जित्ती होती का?" तिनं खिडकीबाहेर बघितलं.

जाफराबादला तिनं त्यांचा हात धरून रस्ता ओलांडून दिला. नालीपाशी "पाय उचला, सर," म्हणाली. दारात त्यांचा हात वंदनाच्या हातात दिला.

"मामा, कसा होता पिच्चर?" वंदनानं विचारलं.

"लई झ्याक," सर म्हणाले. "शेवट तेवढा..." आणि फरहाना जिथं उभी होती तिकडं तोंड करून थांबले.

ती केव्हाच निघाली होती. कोपऱ्यावरून तिनं एकदा वळून पाहिलं. वंदना आत गेली होती आणि सर उंबऱ्यात तसेच उभे होते, रिकाम्या रस्त्याकडे कान लावून.